खिल्लारे सरांच्या मेजावरचा उत्तम काळ

सेनगावच्या शाळेत मी रुजू झालो तेव्हा खिल्लारे सरांना पहिल्यांदा पाहिले. हिंगोली जिल्हा तेव्हा वेगळा झाला नव्हता, आपला जिल्हा परभणीच होता. गणिताचे हे शिक्षक रविवारी दुपारी रिकाम्या वर्गात चार-पाच तरुणांना घेऊन बसत, आणि आतून कधी अगदी शांतता तर कधी एकदम गलका ऐकू येई. मला वाटले, पत्ते चालले असावेत. खात्री करून घ्यायला आत गेलो आणि कायमचा तिथलाच झालो.

पत्ते नव्हते. सर एक गोष्ट सांगायला घेत. प्रत्येकाने त्यातला एक माणूस व्हायचे आणि तो माणूस पुढे काय करील हे ज्याचे त्याने ठरवायचे. ठरवलेले साधेल की फसेल, ते नशिबावर. हैदराबादच्या रद्दीत सरांना सापडलेल्या इंग्रजी पुस्तकात यासाठी वीस बाजूंचा फासा सांगितला होता. तो हिंगोलीत कुठे मिळणार? सरांनी चिंचोक्यांवर एक ते वीस आकडे रंगवले आणि डब्यात घातले. डबा मात्र स्वतःकडे कधी ठेवला नाही. ज्याचे नशीब त्यानेच काढायचे.

या खेळाचा उत्तम काळ कोणता, यावर आमच्यात आजही जुंपते. जुने म्हणतात, पुस्तकातले राक्षस आणि किल्ले होते तो पहिला काळ. नंतरची मंडळी संगणकावर काढलेल्या सुबक नकाशांचे गोडवे गातात. माझ्या मते दोघेही चुकतात. सरांनी ते पुस्तक मिटले आणि बैलांवर मीठ लादून डोंगर ओलांडणाऱ्या काफिल्याची, आपल्याच मुलखाची गोष्ट लावली, तो मधला काळ खरा. हे मी एका रविवारच्या भरवशावर म्हणतो.

काफिल्याचा नायक, म्हणजे म्होरक्या, होता बंडू राठोड आणि वाटाड्या गौतम खंदारे. दोघे जिवलग. पण त्या पावसाळ्यात बंडूच्या घरची गुरे गौतमच्या सोयाबीनमध्ये शिरली, वडीलधाऱ्यांची हातघाई झाली, प्रकरण ठाण्यात गेले. दोघांचे बोलणे तुटले आणि बंडूच्या वडिलांनी त्याचे खेळायला येणेही बंद केले. सर जीपने तालुक्यातल्या गोरेगावपर्यंत आणि तिथून पायी बंडूच्या तांड्यावर गेले. त्यांनी कुणाची बाजू घेतली नाही की समेटाची भाषा केली नाही. त्या बापाला फक्त खेळ समजावून सांगितला. बाप म्हणाला, पोरगं येईल, पण खंदाऱ्याच्या पोराशी बोलणार न्हाई.

बंडू आला. दोघे मेजाच्या दोन टोकांना बसले, एकमेकांना काही सांगायचे तर सरांमार्फत सांगत. आज यातला एक जण उठून जाणार आणि पुन्हा यायचा नाही, ही धास्ती आम्हा सगळ्यांना होती. त्यातच गोष्टीतल्या पैनगंगेला पूर आला आणि नायक धारेला लागला. दोराचे टोक वाटाड्याच्या हातात. सरांनी शांतपणे सांगितले की, दोर सोडला तर वाटाड्या वाचेल. धरला तर दोघांसाठी एकच चिंचोका, दहाच्या वर आला तर दोघे तरतील, नाहीतर दोघे जातील.

सर काही सुचवतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांनी भुवईसुद्धा हलवली नाही. शेवटी गौतमने डबा ओढला.

"धरतो," तो म्हणाला.

चार निघाला. मीच गयावया केली, सर, एकदा पुन्हा काढू द्या. सरांचे डोळे भरले होते, तरी म्हणाले, "निघाला तो निघाला. जाऊ शकतो हे माहीत असून त्यानं धरलं. ते आपण खोटं करायचं नाही."

तेव्हा बंडू पहिल्यांदा थेट गौतमकडे वळला. "काहून धरून राहिला रे? सोडून द्यायचा व्हता."

"न्हाई जमलं," गौतम म्हणाला.

शेताचा वाद त्यानंतरही चिघळत राहिला. हे दोघे मात्र पुढच्या रविवारी एकाच सायकलवर आले आणि गोष्टीत नवी माणसे घेऊन खेळायला बसले. सरांनी त्या दिवसाचे श्रेय कधी घेतले नाही. कुणी विषय काढला तर ते म्हणतात, मी तर नुसता पूर आणला.

सर आता साठी पूर्ण करत आहेत. हल्ली रविवारी त्यांच्यापुढे बंडूची मुलगी आणि गौतमचा मुलगा बसतात. त्या लेकरांची गोष्ट आत्ता कुठे घाटाच्या पायथ्याशी पोचली आहे. सरांचा आवाज, नजर आणि पाय उदंड वर्षे शाबूत राहोत, ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा. आणि सर, एक विनंती आहे. आपण घाई करू नका. ती गोष्ट फार लांबवा.