परत पाठवलेला डबा

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर ती आधी रागावली असती, मग माझी समजूत घातली असती — आणि मला ती पटली असती. तुम्ही माझे कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

मी मास्तर. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्याच्या मागेपुढे नोकरीला लागलो. चाळिशी ओलांडली आणि साखरेनं गाठलं. नागपूरला एका आहार-शिबिराला गेलो, तो तिथून वेगळाच माणूस होऊन परतलो. आग अन्नाला मारते, असं तिथं ऐकलं. मला ते लगेच पटलं — जन्मभर दुसऱ्यांना शिकवणाऱ्याला कुणी शिकवलं की तो असा एकदम पाघळतो. आसगावच्या घरातला गॅस बंद झाला. बायको पोरांच्या शिक्षणासाठी नागपुरात, घरी मी आणि बाबा. अडवणार कोण?

मग गच्चीवर माझं वाळवण सुरू झालं. जवस भिजवला की बुळबुळीत होतो. त्यात टमाटे, मिरच्या, कोथिंबीर वाटून घालायची, प्लास्टिकवर पातळ पसरायचं आणि उन्हात कडक होऊ द्यायचं. मोड आलेल्या मुगाच्या चकत्या, केळीचे काप, मोहफुलं आणि तिळाच्या वड्या. तळणं नाही, भाजणं नाही. ढगाळ दिवसांसाठी वाळवायचं यंत्रही आणलं. चकत्या चांगल्या व्हायच्या, खोटं कशाला बोलू? साखरही उतरली. तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला शिष्य हवे होते. मोबाइलवर व्हिडिओ टाकू लागलो, नाकानं कांदे सोलू लागलो. एका व्हिडिओत तर बाबांना शेजारी बसवलं आणि सांगितलं — माझ्या म्हाताऱ्या वडिलांनीही भात सोडला आहे.

बाबांनी भात सोडला! जन्मभर धानाच्या बांधीत चिखल तुडवलेला माणूस. तोंडात दाढा नव्हत्या, म्हणून माझी चकती पाण्यात बुडवून चघळत बसायचे. आणि दुपारी, मी शाळेत असताना, सुखदेवकाका यायचे.

काका म्हणजे बाबांचे जिवाभावाचे दोस्त. घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, बौद्धांच्या वस्तीत. तरुणपणी त्यांच्या लग्नात बाबा पंगतीला बसून जेवले होते. आमच्या भाऊबंदांनी त्यासाठी बाबांना वाळीत टाकल्यासारखंच केलं, कितीतरी दिवस कुणी बोलत नव्हतं. बाबा म्हणायचे, आयुष्यात धड असं एकच काम केलं, ते हे. बाबा पडले, त्यांचं चालणं बंद झालं, तेव्हापासून काकू डब्यात गरम भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण द्यायच्या. काका तो डबा आणायचे आणि बाबांचं जेवण होईपर्यंत समोर बसायचे. मला ठाऊक होतं. मी कानाडोळा करत होतो.

मग एका रविवारी नागपूरचे पाहुणे माझं वाळवण बघायला आले. अंगणात चकत्यांची ताटं मांडली होती, बाबा मागच्या खोलीत झोपले होते, मी बोलत होतो, एकजण मोबाइल धरून उभा होता. तेवढ्यात फाटकातून काका आले.

"बाबू, भाऊले गरम भात आणला."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "काका, शिजलेलं नाही चालत आता आमच्या घरी. कच्चं काही असन तर ठेवा."

तुम्हाला यात काही वाटलं नसेल. पण आमच्याकडची जुनी रीत काय होती, माहीत आहे? काकांसारख्यांच्या घरचे तांदूळ वरच्या जातींना चालायचे. त्याच तांदळाचा त्यांच्या चुलीवर भात झाला की तो बाटलेला. कच्चं घ्यायचं, शिजलेलं परत पाठवायचं. हे काकांच्या बापानं सोसलं होतं, आज्यानं सोसलं होतं. आणि ज्या एका घरात ते संपलं होतं, त्या घराच्या अंगणात उभा राहून मी ते बोललो.

काकांचा चेहरा मी पाहिला. एक वाक्य पुरे होतं — काका, ही माझ्या पथ्याची भानगड आहे, तुम्ही आत जा. मी बोललो नाही. ते "बरं" म्हणाले आणि डबा घेऊन गेले. पाहुण्यांनी विचारलं, कोण हे? मी म्हटलं, पूर्वी शेतावर कामाला यायचे. तेव्हा लाज वाटली का? नाही. सुटल्यासारखं वाटलं.

डबा बंद झाला. बाबा दाराकडे बघत पडून असायचे. "सुखदेव काहून येऊन नाही राहिला रे?" मी म्हटलं, त्यांचे गुडघे दुखतात. पुन्हा विचारलं, तेव्हा खेकसलो, "त्यायलेच नाही यायचं आता, मी काय करू?" त्यानंतर बाबांनी काकांचं नाव काढलं नाही. त्याच हिवाळ्यात ते गेले. दोस्तानं आपल्याला टाकलं, असं समजून गेले. काका मयतीला आले, पण रस्त्यावरच उभे राहिले. अंगणात त्यांनी पाय ठेवला नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला काय सांगत आलो? की काकांचा गैरसमज झाला, माझा दोष एवढाच की मी तो दूर केला नाही. मी बोललो ते आहाराबद्दल, जातीबद्दल नव्हेच. किती सोयीचं आहे बघा. मास्तर माणूस, स्वतःला पास करायला कितीसा वेळ लागतो?

पण त्याच रविवारी सकाळी माझी सख्खी आत्या लाखांदूरहून एसटीनं आली होती. येताना तिनं पुरणपोळ्या आणल्या होत्या. चुलीवर भाजलेल्या, तूप लावलेल्या. तिला मी शिजलेलं चालत नाही असं म्हटलं नाही. मुकाट्यानं पोळ्या आत नेल्या, पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून झाकून ठेवल्या. ते गेल्यावर खाल्ल्या.

काकांचा डबाही तसाच आत नेता आला असता.

काकांचा काही गैरसमज झाला नव्हता. त्यांना बरोबर कळलं होतं.