डावा स्पीकर

आमच्या हॉलमधले दोन लाकडी स्पीकर माझ्या लग्नाहून जुने आहेत. दुपारच्या चहाला मी रेकॉर्ड लावतो आणि दोन्हींच्या बरोबर मधोमध खुर्ची टाकून बसतो. तंबोरा दोन्हीकडून सारखा येऊन समोर उभा राहतो.

गेल्या आठवड्यापासून तो उजवीकडे सरकलाय. डावा स्पीकर मंद वाजतो, तारांची धार जाऊन नुसता घुमा आवाज उरतो. आज मी वायरींची अदलाबदल करून पाहिली. दोष पलीकडे गेला असता तर अ‍ॅम्प्लिफायर आजारी, म्हणजे सुटलो. दोष हलला नाही. मग स्पीकरच असणार. आतला कागदी पडदा कधीतरी विरणारच. धापा टाकत मी दोन्ही खोकी एकमेकांच्या जागी सरकवली.

तरीही मंद ते डावीकडेच.

"अगं, जरा इथं बसून ऐक," मी बायकोला म्हटलं.

तिनं डोळे मिटून ऐकलं. "दोन्ही छान वाजतायत की! काय झालंय?"

"काही नाही."

जुन्या वस्तूंचं म्हातारपण आपण किती हौसेनं सांभाळतो! लाकडाला तेल लावतो, सुट्या भागांसाठी बाजार पालथा घालतो. त्यांचं बिघडणंसुद्धा गोड वाटतं, कारण ते दुरुस्त होतं.

ती आत गेल्यावर मी खुर्ची फिरवली आणि स्पीकरांकडे पाठ करून बसलो. मघापर्यंत खणखणीत वाजणारा स्पीकर आता मंद वाजू लागला. आता तो माझ्या डाव्या कानाच्या बाजूला होता.