अक्कानं सांगितलेला शेवटचा भाग

अक्का गेल्याचा फोन कॉलेजच्या ऑफिसात आला. मी वर्गावर होते. शिपायानं दारातून खूण केली, मी खडू ठेवला आणि खाली आले. धुळ्याहून आतेभाऊ बोलत होता. सकाळी चहा घेतला, जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही... एवढंच. सत्तरी ओलांडलेली, फारसं आजारपण नाही, कुणाला काही करायला लावलं नाही. भाग्याचं मरण, असं सगळे म्हणाले. असेल. मला मात्र जळगाव ते धुळे बसमध्ये सारखा रागच येत होता. प्रत्येक गोष्ट चार-चारदा सांगणारी ही बाई, आणि जाताना एका शब्दानं बोलली नाही.

अक्का म्हणजे माझी आत्या, माझ्या वडिलांची, नानांची थोरली बहीण. आम्ही बोदवडचे. तिला धुळ्यात दिलेलं, त्यामुळे तिची बोली पार अहिराणी होऊन गेली होती. शिफारस करणं हा तिचा स्वभावच. अमक्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे, तमक्या गिरणीत मिरची चांगली दळून मिळते, हे ती बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईलाही सांगायची. बाईनं विचारलेलं नसायचंच. आणि एकदा शिफारस केली की ती सोडायची नाही. पुढच्या भेटीत जाब विचारायची, गेली होतीस का?

मी बारावीची परीक्षा दिली त्या वर्षी तिनं एक टीव्हीवरची मालिका धरली. रविवारी सकाळी लागणारी, नवीच सुरू झालेली, हिंदीतली. एक कुटुंब असतं, वडील पोस्टात, आई सारखी लोणच्याच्या बरण्या भरणारी, आणि मुलगी शहरात कॉलेजला, वसतिगृहात. एक विसराळू प्राध्यापक हमखास दुसऱ्याच्याच वर्गावर जाऊन शिकवायला लागतो, मेसमधली भांडणं, पोरींच्या खोड्या... थोडं हसायचं, थोडं डोळे पुसायचे. आमच्या गल्लीत सगळे त्या मालिकेला ‘कॉलेजवाली’ म्हणायचे. अक्का त्या मुलीला ‘आपली पोर’ म्हणायची.

आमच्या घरी टीव्ही होता, पण तो नानांच्या लेखी क्रिकेट आणि बातम्यांसाठी. त्यांचं मोटारपंपांचं दुकान. रविवारी सकाळी गल्लीतल्या बाया-पोरं आमच्या पुढच्या खोलीत जमली की ते ‘चालू द्या तुमची नाटकं’ म्हणून बाहेर पडायचे. मला पुढं शिकायचं होतं. बोदवडला बारावीनंतर काही नव्हतं. धुळ्याला विज्ञानाचं कॉलेज होतं, मुलींचं वसतिगृह होतं, अक्काही होती. नानांचं म्हणणं, पोरगी वसतिगृहात ठेवायची नाही. अक्काच्या दोन खोल्यांत आधीच सात माणसं, तिथं तर जागाच नव्हती. त्यातच एक स्थळ आलेलं, मुलगा शिक्षक, घर चांगलं. नावं ठेवायला जागा नाही अशा स्थळासारखी अडचण दुसरी नाही. मी आईपाशी रडले, नानांपाशी गप्प राहिले. आमच्या घरात नानांशी वाद घालायची रीत नव्हती.

आखाजीला अक्का माहेरी आली. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. झोके बांधायचे, गाणी म्हणायची, आणि परत जाताना भावानं लुगडं द्यायचं. बहिणीनं त्या दिवसांत काही मागितलं तर भाऊ नाही म्हणत नाही. अक्कानं आजवर कधी काही मागितलं नव्हतं, देतील ते लुगडं घेऊन जायची. त्या वर्षी नानांनी लुगडं पुढं केलं, तर तिनं ते परत त्यांच्या मांडीवर ठेवलं. नानांना नावानं हाक मारणारी ती एकटीच.

“यंदा माले लुगडं नको, पंडित. रव्वारले मनासंगे बस आनि टीव्ही देख.”

नाना हसले, त्यांना थट्टा वाटली. पण अक्का हसली नाही. मालिका संपेपर्यंत दर रविवारी माझ्यासोबत बसायचं, उठून जायचं नाही, हीच माझी आखाजी, असं तिनं आईसमोर, शेजारणींसमोर सांगून टाकलं. नाना अडकले. बहिणीला आखाजीला नाही म्हणणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. मग अक्का सण सरला तरी आमच्याकडेच राहिली. तिच्या सासरी कुरकुर झाली, इकडं गल्लीतही बाया विचारायला लागल्या की अजून गेली नाही का. तिनं कुणालाच दाद दिली नाही.

पहिल्या रविवारी नाना पाठ ताठ करून, वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले. दुसऱ्या रविवारी त्या विसराळू प्राध्यापकानं रेल्वेत बायकांच्या डब्यातच शिकवायला सुरुवात केली, तेव्हा वर्तमानपत्राच्या मागून नाना खुसखुसलेले मी स्वतः ऐकले. अक्का चालू मालिकेत त्यांना एकेक दाखवायची. बघ, वसतिगृहाला कुलूप असतं. बघ, बाई किती कडक आहे. बघ, पोर कशी अभ्यास करते. मला वाटायला लागलं होतं, जमतंय.

आणि मग शेवटून दुसरा भाग लागला. ‘आपल्या पोरी’नं घरी खोटं सांगितलं. ग्रंथालयात बसते म्हणाली आणि मित्रमैत्रिणींबरोबर धबधब्यावर गेली. बापाला कळलं. तो वसतिगृहात आला, एक शब्द न बोलता तिची ट्रंक उचलली आणि तिला घरी घेऊन गेला. तिथं भाग संपला. नानांनी अक्काकडं पाहिलं.

“बरोबर केलं त्यानं,” ते म्हणाले.

अक्काचं तोंड इतकं उतरलं की मला माझ्यापेक्षा तिचीच कीव आली. तरी तिनं हट्ट सोडला नाही. अजून एक भाग आहे, शेवट बघू, मग ठरव. नाना म्हणाले, ठीक आहे, शेवट बघू. स्थळ आणणाऱ्या मध्यस्थाला त्यांनी मंगळवारी उत्तर द्यायचं कबूल केलं. म्हणजे माझं आयुष्य त्या एका भागावर येऊन टेकलं. आज त्याचं हसू येतं.

त्यात शनिवारी कळलं, दुरुस्तीसाठी रविवारी दिवसभर बोदवडची लाइट बंद. अक्कानं पिशवी भरली. धुळ्याला जाते, भाग बघते आणि येऊन सांगते, म्हणाली. चौपन्न साली लग्न झालेली ती बाई टीव्हीचा एक भाग बघायला भर उन्हात दोन बस बदलून सासरी गेली आणि सोमवारी संध्याकाळी परत आली.

ओट्यावर अख्खी गल्ली जमली. भाग कुणीच बघितला नव्हता. अक्कानं पाणी पिऊन सावकाश सांगितलं. पोर घरी रडत बसते, जेवत नाही. आई बापाला बोलते. बाप रात्रभर विचार करतो. सकाळी तिची ट्रंक स्वतः उचलतो, गाडीत बसतो, वसतिगृहात नेऊन सोडतो आणि सांगतो की चुकलीस, आता अभ्यास करून दाखव. शेवटी पोर पहिली येते. बायांनी डोळ्यांना पदर लावले. नाना भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांनी एवढंच विचारलं की बापानं स्वतः नेऊन सोडलं का. अक्का त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “स्वतः.”

मंगळवारी नानांनी मध्यस्थाला नकार कळवला. जूनमध्ये ते मला धुळ्याला घेऊन गेले. स्टँडवर हमाल आला तर त्याला हाताला धरून बाजूला केलं आणि माझी ट्रंक वसतिगृहापर्यंत स्वतः वाहिली.

वसतिगृहात आठवड्यातच मला कळलं. पोरींनी सगळे भाग पाहिलेले. शेवटच्या भागात त्या मुलीचं लग्न लावून देतात, सगळे नाचतात, प्राध्यापक चुकून दुसऱ्याच मांडवात अक्षता टाकून येतो. संपलं. मी घाबरून अक्काकडं गेले, म्हटलं, हे काय केलंस? ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “त्यासनी चुकीनं दखाडं. मी बराबर करीसन सांगं.” म्हणजे त्यांनी चुकीचं दाखवलं, हिनं दुरुस्त करून सांगितलं.

मी बीएस्सी झाले, एमएस्सी झाले, नोकरीला लागले. अक्का पुढं कितीतरी वर्षं त्या मालिकेची शिफारस करत राहिली, ती केव्हाच बंद झाली होती तरी. पोरीला शिकवावं की नाही अशा पेचातली कुणी आई भेटली की ती आपल्याच शेवटासकट सगळी गोष्ट सांगायची, आणि वर म्हणायची, मन्ही भाची त्या मालिकामुळे शिकनी.

तेराव्याला सगळे पांगल्यावर नाना तिच्या खोलीत जाऊन बसले. मीही गेले. तिची खाट टीव्हीसमोर होती, उशाला चष्मा तसाच. नानांचंही वय झालंय, हल्ली एकेक वाक्य थांबून बोलतात. म्हणाले, “त्या रविवारी मी भुसावळला गेलो होतो. स्टेशनसमोरच्या हॉटेलात टीव्ही होता. उभा राहून पूर्ण भाग पाहिला.”

म्हटलं, म्हणजे तुम्हाला माहीत होतं?

“लहानपणी आईनं चिमटा तापवून दाखवला तरी सुटण्यासाठी अक्का खोटं बोलली नाही. त्या दिवशी चारचौघींत, माझ्या तोंडाकडे बघत, खोटं बोलली... म्हटलं, हिला लुगडं नको होतं, काय पाहिजे होतं ते आज कळलं. मी लहान होतो म्हणून तिला चौथीतून शाळा सोडायला लावली होती. मला सांभाळायला.”

मग म्हणाले, “तिला वाटत राहिलं, मालिकेमुळे झालं. मी सांगायला पाहिजे होतं.”

मी तेरा दिवसांत रडले नव्हते, तेव्हा रडले. आम्ही दोघं खूप वेळ तिच्या खाटेवर बसून होतो, बंद टीव्हीकडे तोंड करून.