बिननावाची ट्यूब

बाई जन्माची भित्री. लहानपणी घरात तिला ससुली म्हणत. जिन्यावर कुणाचं पाऊल वाजलं की ही दाराआड, आणि दार वाजलं की पलंगाखाली. "हिला म्हणे डॉक्टर व्हायचंय," असं आई शेजारणींना सांगे तेव्हा सगळ्याजणी पदर तोंडाला लावून हसत. तरी ती झाली. पण पहिल्याच वर्षी वॉर्डात एका रोग्यानं तिचा हात धरून विचारलं, "मी वाचेन ना?" त्यावर ती जी तिथून निघाली, ती थेट तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत येऊन थांबली. तिथंही रक्तच होतं, पण त्या रक्ताला डोळे नव्हते.

अठ्ठावीस वर्षं ती त्या तळमजल्यावर राहिली. रक्ताच्या आणि गाठींच्या कॅन्सरवर औषधं देऊन झाली, रोगी हिंडूफिरू लागला, तरी एखादी वाईट पेशी आत कुठे दबा धरून बसली आहे का, हे शोधायचं तिचं काम. दहा हजारांत एक, कधी लाखात एक. सापडली तर वरचे डॉक्टर औषध चालू ठेवत, नाही सापडली तर थांबवत. एखादी नजरेतून सुटली तर रोग उलटायचा, आणि नसताना दिसली तर औषधच माणसाला पोखरायचं. भित्र्या माणसाला याहून चांगलं काम मिळणार कुठे? दुसरे एकदा मोजत, ही तीनदा मोजे, आणि घरी निघाल्यावर अर्ध्या जिन्यावरून परतून चौथ्यांदा. तिनं बसवलेली मोजणीची रीत लांबलांबच्या इस्पितळांनी उचलली. एकदा सत्काराला बोलावणं आलं, तेव्हा ताप आल्याचं कळवून ती घरी बसली.

तिच्या मागोमाग दोन वर्षांनी प्रयोगशाळेत मामा आले. काचा धुवायच्या, फरशी पुसायची, वरून नमुने आणायचे, असं त्यांचं काम. आणखी एक काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. रोग्याचं रक्त मशीनला लावताना ताडून बघायला शेजारी एक निरोगी रक्त लागतं. ते प्रयोगशाळेतल्याच कुणी धडधाकट माणसानं द्यायचं. बाकीच्यांना नेमक्या त्या वारी फोन येत, मामांची बाही मात्र सदा वर. म्हणून त्यांना सगळे 'नॉर्मल मामा' म्हणत.

"बायकोला पटत नाही," मामा म्हणत, "पण माझ्याकडे लेखी आहे."

या नॉर्मलच्या ट्यूबवर नाव घालायचं नाही, हा नियम बाईनंच केलेला. नुसतं 'नॉ' आणि तारीख. एका छपराखाली काम करणाऱ्यांनी एकमेकांच्या रक्तात डोकावू नये, असं ती सांगे. खरं कारण तिचं तिला ठाऊक होतं. नाव दिसलं की तिला रक्तात डोळे दिसू लागत.

त्या मंगळवारी गाठींच्या कॅन्सरसाठी पेशी रंगवण्याचा, जुन्यापेक्षा बारीक बघणारा नवा संच आला होता. वापरून बघायला म्हणून निरोगी रक्ताच्या दोन ट्यूब हव्या होत्या. तंत्रज्ञ मुलगी सर्दीनं बेजार, म्हणून एक ट्यूब मामांनी दिली, एक बाईनं. दोन्हींवर 'नॉ'. मुलीनं त्यातली एक मशीनला लावली, दुसरी रंगांच्या सरावात संपवली आणि नाक पुसत घरी गेली.

संध्याकाळी बाईनं मशीनचा पडदा चालू केला. मशीनमध्ये पेशी एकामागून एक उजेडापुढून जातात आणि प्रत्येकीचा एक ठिपका उमटतो. निरोगी रक्तात यांतल्या एका जातीच्या पेशी दोन तऱ्हांच्या असतात, म्हणून ठिपक्यांचे दोन विरळ ढग दिसतात. इथं ढगांच्या शेजारी एक घट्ट पुंजका होता. लहानसा, पण सगळे ठिपके एकाच साच्यातले. कुठल्या तरी एकाच पेशीची ती पिलावळ होती, कॅन्सरची सुरुवात असू शकेल अशी.

बाईनं तीनदा मोजलं. मग तिला आठवलं की हे रोग्याचं रक्त नाही. हे आपल्या दोघांपैकी एकाचं आहे.

तिनं मुलीला फोन केला. "कुठली लावलीस? उजवीकडची का डावीकडची?"

"नॉर्मलची, मॅडम," मुलगी शिंकत म्हणाली. "दोन्ही सारख्याच ना?"

पुन्हा रक्त काढायचं, पुन्हा लावायचं, एवढाच उपाय होता. सकाळी करता आलं असतं. पण बुधवार गेला, गुरुवारही गेला. बाई आरशासमोर उभी राहून मानेवरून बोटं फिरवी, काखेत चाचपी, परत मानेवर येई.

"मान धरलीय का?" नवऱ्यानं विचारलं.

"उशी कडक आहे."

"लग्नापासून तीच आहे."

त्याला सांगायला तिनं तोंड उघडलं आणि जांभई दिली. आकडे तिला तोंडपाठ होते. कितीजणांना काहीच होत नाही, कितीजणांना पुढे औषधं लागतात, त्यांतले कितीजण उरतात. हे आकडे तिनं शेकडो अहवालांत न अडखळता लिहिले होते. आता त्यांतला एकही नुसता मनात आला की ती उठून पुन्हा आरशासमोर जाई.

गुरुवारी दुपारी मामा फरशी पुसायला वाकले. त्यांच्या पट्ट्याला आणखी एक भोक पाडलेलं तिनं पाहिलं. मामा बारीक झालेत! तिच्या छातीवरचा दगड बाजूला सरकला आणि एक लांब श्वास आत गेला. पुढच्याच क्षणी, आपण कशानं सुखावलो हे तिला कळलं. ती तशीच उठून बाथरूममध्ये गेली, दाराला कडी घातली आणि नळ सोडून तोंडावर पाणी मारत राहिली. अठ्ठावीस वर्षांत तिला नाही नाही त्या गोष्टींची भीती वाटली होती, पण स्वतःची अशी कधी वाटली नव्हती.

शुक्रवारी तिनं मामांना आत बोलावलं.

"बसा ना मामा. कसं काय? घरचे बरे आहेत? चहा घेणार?"

मामा उभेच राहिले. "बाई, काय झालंय ते सरळ सांगा. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्याशी एवढं गोड बोलला नाहीत."

तिनं सांगितलं. पुंजका, दोन ट्यूब, नियम, सगळं. तीन दिवस गप्प बसल्याचंही सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बाही वर केली.

या खेपेला तिनं ट्यूबांवर पूर्ण नावं लिहिली.

"आधी माझी लावा," मामा म्हणाले. "मला वाट बघणं जमत नाही."

"आधी माझी," बाई म्हणाली. तिलाही जमत नव्हतं.

मशीन घुरघुरू लागलं. ठिपके पडू लागले. शंभर, हजार, दहा हजार. दोन ढग. नुसतेच दोन ढग. बाई पडद्याकडे बघत राहिली. मागे वळायचा तिला धीर होईना.

"तुमचे खांदे खाली आले, बाई," मामा मागून म्हणाले.

दुसरी ट्यूब लावायचं कारण उरलं नव्हतं, तरी तिनं ती लावली. पुंजका आला.

मग मामा म्हणाले, "बरं झालं तुमचं नाही, असं मी म्हणेन असं वाटलं का? नाही म्हणणार. मघाशी इथं उभा राहून तुमचंच निघावं म्हणत होतो. खरं सांगतो."

"मीही," बाई म्हणाली. "तीन दिवस. तुमचा पट्टा बघून मला बरं वाटलं, मामा."

मामांनी पट्ट्याकडे पाहिलं. "हा थोरल्या पोराचा आहे. तो जाडा आहे." आणि ते हसले. ती हसू शकली नाही.

तिनं समजावलं: पुंजका लहान आहे. पुष्कळांना यानं आयुष्यभर काही होत नाही. आज औषध लागणार नाही. वरच्या डॉक्टरांना दाखवायचं आणि ते सांगतील तेव्हा तपासायचं. काहीजणांचं मात्र वाढतं.

"कुणाचं वाढतं?"

"ते आधी नक्की सांगता येत नाही. अजून नाही."

"बरं," मामा म्हणाले. "फरशी राहिलीय." आणि ते गेले.

बादली भरल्याचा आवाज तिला ऐकू आला. मग ती भरून वाहू लागल्याचा. पाणी बराच वेळ वाहत राहिलं, तेव्हा ती उठली. मामा मोरीपाशी उभे होते, एक हात बादलीच्या कडीवर. पाणी त्यांच्या पायांवरून जात होतं. तिनं नळ बंद केला.

"बाई, घरी काय सांगू? बायको लगेच विचारेल, मरणार का म्हणून."

असा प्रश्न तिला पुन्हा कुणी विचारू नये म्हणून तर ती या तळमजल्यावर आली होती. तिच्याही पायांखालून पाणी वाहत होतं, गार. वर पळायला जिना होता, पाठीमागे दार होतं.

"तुम्ही पाय पुसा," ती म्हणाली. "मी पर्स घेऊन येते. त्यांना मी सांगते."