दहाव्या नटाचा चुना

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. लोणावळ्यात माझी एक जुनी मालवाहू लॉरी आहे. प्रत्येक कामाची मी यादी करतो आणि काम झालेलं पाहिल्याशिवाय त्यापुढे खूण करीत नाही. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

दोन वर्षांपूर्वीचा मार्गशीर्ष. लॉरीच्या मागच्या आसातला गोळा — चाकं फिरवणारी दातेरी चक्रं ज्यात बसवलेली असतात तो — दात झिजून खडखडू लागला. पुण्याच्या भंगारातून तसाच दुसरा आणला. बसवायला जवळच्या भाजे गावचे गेनूआबा मिस्त्री. आबांची एक रीत होती. प्रत्येक नट पक्का आवळून झाला की तंबाखूच्या डबीतला चुना बोटाने त्यावर टेकवायचे. "चुना लागला म्हंजी जबाबदारी माजी." ते आकडा सांगत, मी खूण करी. "भाऊ, तुमी यमाला बी यादी दावाल," हा टोमणाही ठरलेला.

दुपारी बाराच्या सुमारास आबांचा शेजारी म्हादू भाज्याहून सायकल मारीत आला. आबांची बायको, सखूमावशी, आठवडाभर तापाने पडून होती.

"गेनूभाऊ, वैनी तुजंच नाव घेतीया. बस मागं."

आबा लॉरीखालून बाहेर येऊन हात पुसू लागले. मीच म्हणालो, "आबा, गोळा बसलाय, दहा नट राहिलेत. पाऊण तासात याच लॉरीने सोडतो. मावशींना दवाखान्यातही आणता येईल."

आबांनी माझ्याकडे पाहिलं... "व्हय," म्हणाले आणि पुन्हा खाली सरकले. म्हादू एकटाच परतला.

गोळा नीट बसला नव्हता. दोनदा काढावा लागला, दोन तास गेले. मी शेजारी पोत्यावर बसून. आबा सगळा वेळ माझ्या नजरेसमोर. "नऊ." खूण केली. मग बराच वेळ काहीच नाही. वाकून पाहिलं, तर आबा पाना धरून डोळे मिटून पडलेले. हाक मारली तेव्हा म्हणाले, "धा." मी खूण केली.

भाज्यात पोचलो तर अंगणात माणसं बसलेली. मावशींना जाऊन अर्धा-पाऊण तास झाला होता. मुलगी हौसा आबांच्या गळ्यात पडली.

"बा, आईला पानी पाजलंस आन् लगीच कुटं गेलतास?"

"मी आत्ता येतुया, पोरी."

"आसं काय करतुस? तुज्या हातानं प्याली की. 'आलासा व्हय' म्हनली... आन् गेली."

उशाशी तांब्या होता. काठावर चुन्याचं एक बोट उमटलेलं. त्या घरात तंबाखू खाणारे एकटे आबाच.

संध्याकाळी परतल्यावर मी कंदील घेऊन लॉरीखाली शिरलो. दहाही नट घट्ट होते. चुना नवांवरच. दहावा कोरा.

हौसा कित्येक रात्री जागलेली होती. तांब्यावरचा चुना आदल्या दिवसाचा असेल. दहाव्याला आबा विसरले असतील. ही तिन्ही कारणं मी लिहून ठेवली आहेत. एकापुढेही अजून खूण करता आलेली नाही. आबांना एकदाच विचारलं. ते म्हणाले, "तिचं कपाळ लय तापलं हुतं, भाऊ."

मला त्यांनी कधी दोष दिला नाही. सायकलीवरून ते वेळेत पोचले असते, हे दोघांनाही ठाऊक आहे. आता माझ्या प्रत्येक यादीची पहिली ओळ तीच असते: घरी कुणाला जायचंय का?