कापसाचं वाडगं

"बठ्ठा कापूस बाहेर काढा! आत्तेच काढा, नहीतर मीच काडी लाई दिसू!"

ओसरीवरून काकू ओरडत होती. आवाज असा, की तिकडे दोंडाईच्याच्या स्टेशनात उभी असलेली गाडी सिग्नल न बघता सुटावी. मी जळगावहून होळीसाठी गावी आलो होतो आणि हातातली पिशवी हातातच राहिली होती.

काकूचा राग खोटा नव्हता. माझे काका, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, त्यांनी भाव चढेल म्हणून अख्खा कापूस घरात भरला होता. आमच्याकडे सगळेच भरतात, पण आबांनी जरा जास्तच भरला होता. मधल्या खोलीत कापूस आढ्याला टेकला होता. टीव्ही त्यात बुडाला होता, बातम्या नुसत्या ऐकू यायच्या. मांजर एकदा आत गेली ती आठवड्याने दुसऱ्या दाराने बाहेर आली, तीही पिल्लं घेऊन. घरातल्या प्रत्येकाच्या अंगाला खाज. काकूची तक्रार मात्र वेगळी होती.

"मना पोटमा कापूस शे," ती म्हणायची. "झोपमा नाकवाटे गया. आत गोळा व्हई गया."

गाव हसायचं. आबा तर मिशीला हात लावून म्हणायचे, "मंग पोटमाच ऱ्हाऊ दे. भाव चढी गया म्हंजे काढसूत."

त्या दिवशी मात्र काडीपेटी खरोखरच काकूच्या हातात होती. आबांनी गपचूप ट्रॅक्टर बोलावला. संध्याकाळपर्यंत घर रिकामं झालं, आणि काय सांगू, काकूचं दुखणं थांबलं! आबा गल्लीभर सांगत सुटले. कापूस काढला, बाई बरी झाली. दोन-चार घरांनी तर आपलेही ट्रॅक्टर बोलावले.

मग एके दिवशी, मी अजून गावीच असताना, काकूला ताप भरला. तिने माझा हात ओढून स्वतःच्या पोटावर, बेंबीच्या डाव्या बाजूला ठेवला. आत काहीतरी होतं. लिंबाएवढं असतं तरी मी नारळाएवढं म्हणालो असतो, मला मोठं करून सांगायची सवय आहे, पण या वेळी ती गरजच पडली नाही. ते खरंच नारळाएवढं होतं. मी हात काढून घेतला.

धुळ्याला नेलं. स्कॅन झालं. तिथला तरुण डॉक्टर पडद्याकडे बघता बघता शेजारच्या डॉक्टरकडे वळला आणि हळूच एक शब्द म्हणाला. गॉसिपिबोमा.

आता इंग्रजी शब्द म्हणजे माझी जहागीर. आठ वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या. नोकरी लागली नाही, पण असे शब्द पाठ झाले की खुद्द इंग्रजांनी माझ्याकडे शिकवणी लावावी. हा शब्द मात्र माझ्या बापजन्मात ऐकला नव्हता. व्हरांड्यात जाऊन मोबाईलवर शोधला.

पहिला अर्धा भाग लॅटिन. गॉसिपियम, म्हणजे कापूस. आपल्या शेतातल्या कपाशीचं शास्त्रीय नावच ते. दुसरा भाग आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला. बोमा म्हणजे कुंपण घातलेली, लपायची जागा. आपल्याकडचं मेंढरांचं वाडगंच म्हणा. काही विद्वान म्हणतात, छे, स्वाहिली कुठली, शेवटचा 'ओमा' म्हणजे नुसती गाठ. त्यांचं भांडण चालू दे. अर्थावर दोघांचं एकमत होतं. ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला घातलेला कापसाचा कपडा पोटात विसरला, तर शरीर त्याच्याभोवती कुंपण घालतं. वर्षानुवर्षं.

मी बोटांवर वर्षं मोजली.

दोन वर्षांपूर्वी काकूची गर्भपिशवी काढली होती. आमच्याकडे वेचणी संपली की बाया याच कामाला निघतात, जणू लग्नाला चालल्यात. एक जीप, एक दवाखाना, एकच डॉक्टर, एकच दिवस. काकूबरोबर त्या जीपमध्ये आणखी तिघी होत्या.

आबा बाकावर बसले होते. मी शब्द उलगडून सांगितला, लॅटिन, आफ्रिका, वाडगं, सगळं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"पन मी तं बठ्ठा कापूस बाहेर काढा ना भो," ते म्हणाले.

काकूचं ऑपरेशन त्याच रात्री झालं. वाचेल की नाही, ते डॉक्टरही नीट सांगेनात. वाचली. बाहेर आलं ते मी पाहिलं नाही. आबांनी पाहिलं, आणि त्यानंतर त्यांनी कपाशीचं बोंडदेखील हातात धरलेलं मला आठवत नाही.

काकू घरी आली तशी गल्ली लोटली. बाया येत, चहा घेत, देवाचे आभार मानत. काकू खाटेवरून सगळ्यांना सुनवायची, "हासा आते! हासा ना वं!" कुणी हसत नव्हतं.

शेवटी शेजारीण आली. जीपमधल्या तिघींतली एक. चहाला नको म्हणाली आणि काकूच्या पायाशी बसली.

"अक्का, कोठे दुखे वं तुले?"

काकूने बेंबीच्या डाव्या बाजूला बोट ठेवलं. शेजारीण त्या बोटाकडे बघत राहिली. तिचा एक हात पदराखाली होता.

"का वं?" काकूचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "तुले बी दुखस का?"

"कधी कधी."