टाचणीची खूण

निर्मलाताई गेल्याचं मला त्यांच्याकडे काम करणाऱ्या शकूनं फोनवर सांगितलं. मी नागपूरला, घरी होते. "ताई पहाटं गेल्या," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आमी समद्या मयताला गेलो. फुलं तशीच ऱ्हायली..." पुण्याजवळ मांजरी गावात जाळीखाली व्हॅनिला पिकवणाऱ्या निर्मलाताईंना यातलं शेवटचं वाक्यच जास्त लागलं असतं.

आमची ओळख प्रवासातली. कामगारांच्या एका परिषदेसाठी मी पुण्याला आले होते. परतीची गाडी संध्याकाळी होती, आणि कुणीतरी म्हणालं, हडपसरच्या पुढे एक छोटी कंपनी आहे, सेंद्रिय, न्याय्य व्यापारवाली, बघून ये. मी भांडायच्या तयारीनंच गेले. माझे वडील मोर्च्यांची पत्रकं छापायचे. आम्हा भावंडांचा अभ्यास त्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर झाला. 'न्याय्य' हा शब्द बाटलीवर चिकटवलेला दिसला की माझं डोकं फिरतं, आजही. रिक्षातून उतरले तर एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला अर्धे बांधलेले टॉवर, आणि मधे हिरव्या जाळीखाली वेली. व्हॅनिलाचा वास मात्र कुठेच नव्हता.

"वास शोधताय? वेलीवर नसतो तो. मागाहून करावा लागतो," पांढऱ्या केसांची एक बाई म्हणाली. त्याच ताई. शेंगा गरम पाण्यात बुडवायच्या, घोंगडीत गुंडाळायच्या, उन्हात टाकायच्या, पुन्हा गुंडाळायच्या, असं कितीतरी आठवडे. न्यायाला स्टिकर कशाला लागतो, असं मी विचारलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अन्यायाला लागत नाही, म्हणून. चहा घेणार, की आधी भाषण पूर्ण करणार?"

हडपसरच्या एका इसेन्सच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी केली होती. निवृत्तीनंतर हा उद्योग. व्हॅनिलाचं फूल एकच सकाळ उघडं असतं. तेवढ्यात बारीक काडीनं आतला पडदा उचलून पराग दाबावा लागतो, नाहीतर दुपारी ते गळून जातं. हे काम शकू आणि गावातल्या बायका करायच्या. शेंग हिरवी असताना, जिनं फूल फळवलं ती टाचणीनं तिच्यावर आपली खूण टोचायची. शेंग वाळून काळी झाली तरी ठिपके राहतात, आणि विक्रीतला वाटा त्या खुणेवर मिळायचा. शकूचा त्रिकोण होता. ताईंचा एकच ठिपका. "मला जागा कमी लागते," त्या म्हणाल्या.

ते खरंच होतं, आणि त्याचाच मला राग आहे. ती जमीन त्यांच्या वडिलांची. वडील गेल्यावर चारचौघी बहिणी करतात तसं ताईंनीही भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं होतं. पुढे दर वेळी पुण्याला आले की मी तोच विषय काढायची. दुसऱ्यांना खूण टोचायला शिकवता, तुमची खूण जमिनीवर का नाही?

"आता मागितलं तर राखी बंद होईल."

"होऊ दे."

"तुझ्या पत्रकात होईल गं. त्यानं कधी वेली काढ म्हटलेलं नाही."

"राहू दे असं तरी कधी म्हटलंय?"

त्या काडी घेऊन पुढच्या वेलीकडे गेल्या...

ताई बायकांना नेहमी सांगायच्या, "मी गेले तर अकरानंतर या. आधी फुलं." सगळ्या हसायच्या. खरंच गेल्या तेव्हा मात्र ऐन बहर होता, आणि कुणाच्या हातात काडी राहिली नाही. ती एक सकाळ बुडाली. भरून निघाली असती. दुसऱ्या दिवशी बायका आल्या तर फाटकाला कुलूप. भाऊ म्हणाला, सुतक आहे, आत जायचं नाही. मग रोज सकाळी त्या बाहेर उभ्या राहायच्या. शकूनं जाळीतून हात घालून पाहिला, पण हाताला एकच वेल लागत होती. बाकीची फुलं त्यांच्यासमोर उघडत होती आणि गळत होती. दशक्रियेनंतर कुलूप निघेल असं त्यांना वाटलं. निघाली ती जाळी.

गेल्या आठवड्यात मी जाऊन आले. बिल्डरचा पत्रा लागला आहे. वेली उन्हात करपल्या आहेत. भावानं मला चहा विचारला, आणि सगळं कायदेशीर आहे म्हणाला. आहेच. हक्कसोडपत्रावर सही ताईंचीच आहे. एवढी पत्रकं वाचून मोठी झालेली मी, त्याच्या अंगणात त्याचा चहा पिऊन निघाले.

शकू आता खराडीला एका ऑफिसात फरशी पुसते. "सकाळी हात आपोआप वर जातोय बघा, काडी धरल्यागत," परवा फोनवर म्हणाली. शेवटच्या बहरातल्या तिच्या शेंगांना खूण करायची राहून गेली.

पहिल्या भेटीत ताईंनी दिलेली एक शेंग माझ्या टेबलावर काचेच्या बाटलीत आहे. मी ती अजून चिरलेली नाही. कधीतरी बाहेर काढून बोट फिरवते. सुरकुत्यांत तो ठिपका नीट शोधावा लागतो. आपल्या नावावर त्यांनी एवढीच जागा ठेवली होती.